तेरा नंबरातलं नाक

घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. वॉशिंग मशीन, मिक्सर, गीझर. मशीनबरोबर खोक्यात येते आणि खोक्याबरोबरच घराबाहेर जाते, ती पुस्तिका माझी. बावीस वर्षांत मला भेटलेला एकमेव वाचक म्हणजे माझी बायको, आणि तिनेही एकच पुस्तिका वाचली, तीही मला खोटं पाडायला. त्यामुळे भांडी धुण्याच्या एका नव्या यंत्राची ओळख करून घ्यायला दहा दिवसांसाठी परदेशी जाऊन, साथीमुळे तिथेच अडीच महिने अडकून मी एकदाचा परतलो, तेव्हा विमानतळावर हातात कोंबलेली अकरा पानी नियमावली मी बसमध्ये बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. कुणीतरी कष्टानं लिहिलं होतं. आपण नाही वाचायचं तर कुणी?

सातवं कलम असं होतं : ‘दिलेली खोली बदलता येणार नाही.’ बस, एवढंच. कारण दिलेलं नव्हतं. कारण न देता मनाई केली की माणूस ती पहिल्या संधीला मोडतो, हे मी बावीस वर्षं कंपन्यांना सांगत आलोय. यावेळी ते स्वतः मोडून दाखवायचा योग होता.

आम्हाला एका कॉलेजच्या वसतिगृहात ठेवलं. मुलं केव्हाच घरी गेली होती. भिंतीवर कुणाचं तरी परीक्षेचं वेळापत्रक होतं आणि त्याखाली ‘आता तरी ऊठ’ असं लिहिलेलं होतं. चौदा दिवस मुक्काम, दोनदा नाकातली तपासणी, मग सुटका. या विलगीकरण केंद्राची जबाबदारी कॉलेजच्या ग्रंथपालांवर सोपवली होती. तीस वर्षं पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला एका सकाळी माणसं सांभाळायला सांगितली, म्हणून त्यांनी पद्धत बदलली नव्हती. आम्ही आलो तशी प्रत्येकाची नोंद केली, आलेल्या तारखेचा शिक्का मारला, पुढे परतीची तारीख लिहिली. बाह्य स्थिती असा एक रकाना होता. माझ्या नावापुढे त्यांनी ‘साधारण’ लिहिलं. बायकोला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, माणूस अनुभवी दिसतोय.

मला बारा नंबर मिळाला. खिडकी रस्त्याकडे. समोरच्या तेरा नंबरात सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ आले, घड्याळं दुरुस्त करणारे. सगळा मजला त्यांना दुसऱ्याच दिवसापासून घड्याळकाका म्हणू लागला. ते मुलाकडे महिनाभर म्हणून गेले होते आणि माझ्यासारखेच अडकले होते. जेवणाचे डबे दारासमोरच्या स्टुलावर ठेवून जात. ते उचलायला आम्ही दार उघडायचो आणि मास्क लावून, मध्ये सगळी मोरी सोडून पाच मिनिटं बोलायचो. मोरी म्हणजे व्हरांडा; तो दिवसातून तीनदा इतक्या पाण्यानं धुतला जाई की आम्ही त्याला दुसरं नाव दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर तपासणीला आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, चेहऱ्यापुढे काच, त्यामुळे त्यांचे फक्त डोळे आणि मतं कळायची. माझ्या उजव्या नाकपुडीत काडी घातली आणि ती अर्ध्यातच अडली. लहानपणी झोपाळ्याची फळी लागून माझ्या नाकाचं हाड वाकडं झालंय. सिस्टरनी दोनदा प्रयत्न केला, मग डावीकडून काम उरकलं आणि वहीत बाराच्या पुढे ‘डा’ असं लिहिलं. ते कशाला, असं विचारलं. पुढच्या वेळी थेट डावीकडून घेईन, तुमचे डोळे दोनदा पाणावायला नकोत, असं म्हणाल्या. हे त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. नियमावलीत तर नव्हतंच. मी वाचली होती.

त्या दिवशी दुपारी चार वाजता खाली रस्त्यावर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक पस्तिशीची, आणि तिनं हाताला धरलेली एक म्हातारी, केस नीट विंचरलेले, हातात पर्स. म्हातारी एकेका खिडकीकडे पाहत होती, दुकानात आपल्या मापाचं काही आहे का हे पाहावं तशी. दहा मिनिटांनी दोघी गेल्या.

संध्याकाळच्या डब्याला मी हे सांगितलं तर घड्याळकाकांनी डबा खाली ठेवला. ती त्यांची बायको होती, सोबत भाची. काकूंना विसरायचा आजार होता, दोनेक वर्षांपासून. आधी किल्ल्या गेल्या, मग वार, मग शेजारी. नवरा मात्र शाबूत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज नजरेसमोर असाल तोवर आठवणीत राहाल. आणि काका तीन महिने नजरेसमोर नव्हते. फोनवर तोंड दाखवून उपयोग नव्हता, कारण फोनवर दिसणारा नवरा काकूंना टीव्हीवरचा वाटायचा. ‘चांगलं काम करतात,’ असं त्या भाचीला म्हणाल्या होत्या.

तेरा नंबरच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची, फक्त टाकी. काकांनी आल्या आल्या खोली बदलून मागितली होती. ग्रंथपालांनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं होतं आणि अर्ज करायला सांगितलं होतं. निर्णय चौदा दिवसांत कळणार होता.

मी फार विचार केला असं म्हणवत नाही. तिसऱ्या दिवशी राखणदार चहाला खाली गेल्यावर आम्ही दोघांनी आपापल्या खोलीला जंतुनाशक औषध मारलं, आपापली चादर, बॅग आणि डबा उचलला, आणि व्हरांड्यात एकमेकांना तोंड फिरवून ओलांडत जागा बदलल्या. सगळ्याला चार मिनिटं लागली. काकांनीच मोजली.

त्याच दिवशी चार वाजता ते खिडकीत उभे राहिले. चार ही त्यांची वेळ होती. चाळीस वर्षं काकू चार वाजता दुकानात चहा घेऊन जायच्या. गिऱ्हाईक समोर असलं तर काका तोंडानं काही बोलत नसत, दोन्ही हातांनी चारचे काटे करून दाखवत. म्हणजे पाहिलं तुला, थांब. आताही त्यांनी तसेच हात केले. पण काच, उंची, घाई. त्यांनी उजवा हात खाली घेतला, आणि समोरून पाहणाऱ्याला आठ वाजलेले दिसले. काकूंनी भाचीला सांगितलं की आठ वाजले, दुकान बंद झालं असेल, आणि निघून गेल्या. उभ्या आयुष्यात काकांनी चुकीची वेळ दाखवली नव्हती. त्या संध्याकाळी काका डब्याला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डावा हात खाली घेतला. बंद दारामागून मला काही दिसत नव्हतं, पण नंतर त्यांनी सांगितलं ते असं : काकूंनी खिडक्यांवरून नजर फिरवली, बारावर थांबवली, पर्स भाचीच्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही हात उचलले. चार. भाची रस्त्यातच रडायला लागली आणि काकू तिला ओरडल्या की लोक बघतायत.

तेव्हापासून रोज चार. टाकीचा कंटाळा मला आला नाही म्हणणं खोटं ठरेल, पण टाकीवर एक कावळा यायचा आणि त्याची वेळ सव्वातीन होती. कृतज्ञता म्हणून काकांनी माझं मनगटी घड्याळ दुरुस्त केलं. सहा वर्षं ते रोज पाच मिनिटं मागे पडत होतं आणि मी ते स्वभाव म्हणून स्वीकारलं होतं. स्टुलावर औषध मारून ठेवलं, दुसऱ्या दिवशी औषध मारून परत आलं. भुवयांच्या चिमट्यानं केलं म्हणे. मी तेरा नंबरात राहतो हे मी विसरूनच गेलो. मुद्दा इथेच होता : मीच विसरलो, तर यादीला कसं आठवावं?

अकराव्या दिवशी दुसरी तपासणी झाली. सिस्टरकडे नळ्यांचा खोका खोल्यांच्या क्रमानं लावलेला असायचा, प्रत्येक नळीवर ऑफिसात छापलेली चिठ्ठी : खोलीचा नंबर आणि यादीतलं नाव. दार वाजवायचं, समोर जे नाक येईल त्यात काडी घालायची, नळी त्या नंबरच्या खाचेत. नाव विचारायची पद्धत नव्हती. त्या काचेमागून विचारलेलं ऐकू जात नसे आणि दिवसाला दीडशे नाकं होती. बारा नंबरात त्यांनी वहीप्रमाणे डावीकडून घेतलं, काही अडचण आली नाही. तेरा नंबरात उजवीकडून घ्यायला गेल्या आणि काडी अडली. डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्क खाली, तोंड वर, डोळ्यांत पाणी. या अवस्थेत सगळी माणसं सारखी दिसतात. त्यांनी डावीकडून घेतलं, नळीवर ‘डा’ लिहिलं आणि पुढच्या दाराला गेल्या.

बाराव्या दिवशी दुपारी दीड वाजता ग्रंथपालांचा फोन आला. अहवालानुसार मला लागण झाली होती. गाडी तीनला येणार होती, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात न्यायला. सामान बांधून ठेवा, असं ते अतिशय हळुवारपणे म्हणाले. पान सुटलेल्या पुस्तकाशी बोलावं तसं.

फोन ठेवताक्षणी मला ताप आला. घसा बसला, पाय जड झाले, आणि सकाळच्या चहाला चव होती की नव्हती हे काही केल्या आठवेना. बायकोला कळवलं. ती म्हणाली की सगळे सुटायला निघाले की तुझं काहीतरी वेगळं निघणार, हे लग्नापासून बघतेय. पण रुग्णालयाचं नाव तिनं दोनदा विचारून लिहून घेतलं, म्हणून मी उलट बोललो नाही. बॅग भरली. माझ्या तब्येतीची मी इतकी आस्थेनं चौकशी करत होतो की चिठ्ठीवरचा नंबर माझ्या डोक्यात शिरलाच नाही. बारा नंबरला लागण झाली होती. बारा नंबरात मी नव्हतो.

दारावर थाप पडली. सिस्टर होत्या, हातात वही. नमस्कार नाही, चौकशी नाही.

“नाक दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी दाखवलं. त्यांनी बॅटरी मारून आत पाहिलं, मग मागे वळून बारा नंबरचं दार वाजवलं आणि काकांनाही तेच सांगितलं. काकांचं नाक सरळ होतं, मापून बनवल्यासारखं. सिस्टर व्हरांड्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“दहा दिवसांपूर्वी वाकडं नाक बारामध्ये होतं. काल तेरामध्ये होतं. नाकं आपण होऊन व्हरांडा ओलांडत नाहीत. कुणी सांगणार आहे का, की मी ग्रंथपालांना बोलावू?”

मी काकांकडे पाहिलं. त्यांना माझ्या आधी कळलं होतं. घड्याळजी माणूस; एक चाक फिरलं की शेवटचं कुठलं फिरणार हे त्याला दिसतं. यादीप्रमाणे मी आजारी होतो आणि ते निरोगी. यादीप्रमाणे परवा सकाळी ते घरी जाणार होते. गप्प राहिले असते तर. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, याचा मी नंतर बराच विचार केला आणि मग तो सोडून दिला.

“बारामध्ये मी राहतो,” काका म्हणाले. “आजार माझा आहे. यांनी माझ्यासाठी खोली दिली.”

“परवा तुम्ही घरी गेला असतात,” सिस्टर म्हणाल्या. “घरी कोण आहे?”

“बायको.”

सिस्टरनी वही मिटली. काका दारातल्या स्टुलावर, डब्याशेजारी बसले आणि आपल्या हातांकडे पाहत राहिले. तीन महिन्यांनी घरी पोचल्यावर त्या हातांनी पहिलं काम काय केलं असतं, ते सांगायची गरज नव्हती. काकूंना दमाही होता.

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या आणि पुढची पाच मिनिटं मला जे ऐकवलं गेलं त्यात शिक्षण, वय आणि अक्कल यांचा एकमेकांशी असलेला संबंध तपासून पाहिला होता. मी ते उभ्यानं ऐकलं. एवढ्या योग्य गोष्टी मला सलग कुणी ऐकवल्या नव्हत्या, बायकोनंसुद्धा हप्त्याहप्त्यानं दिल्या होत्या. माझा ताप मात्र तेवढ्यात उतरला.

“गाडी किती वाजता?” काकांनी विचारलं.

“तीनला.”

“ती खिडकीखाली चारला येते.”

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. सगळं मला सांगावं लागलं : काकू, फोनमधला नवरा, चारचे काटे. सांगताना मी भावनेला हात घातला नाही. माहितीपुस्तिकेच्या भाषेत सांगितलं, मुद्देसूद, आणि पहिल्यांदाच कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकलं.

सिस्टर खाली गेल्या. गाडी तीनला आली. मला टाकीच्या बाजूनं इंजिनाचा आवाज ऐकू आला. ड्रायव्हरला म्हणे कागदावर एक सही कमी आहे असं सांगितलं गेलं, आणि ती सही करणारी व्यक्ती पोशाख बदलायला गेली होती, आणि पोशाख बदलायला बरोबर एक तास लागतो हे ड्रायव्हरलाही पटलं. चार वाजता काका बारा नंबरच्या खिडकीत उभे राहिले. सव्वाचारला सिस्टरची सही झाली.

जाताना ते व्हरांड्याच्या टोकाशी थांबले. माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण मास्क, अंतर आणि दोन पांढरे पोशाख मध्ये होते. त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला आणि मग हात जोडले. माझ्या नाकाला आयुष्यात मिळालेला हा एकमेव नमस्कार.

ग्रंथपाल वर आले. मला वाटलं आता रीतसर कारवाई होणार. ते तेरा नंबरच्या दारात उभे राहून खोलीकडे पाहत राहिले. चुकीच्या खणात ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं, असं ते म्हणाले. रागानं नाही, दुःखानं. वहीत त्यांनी लिहिलं : ‘बारा व तेरा यांची अदलाबदल आढळली. योग्य जागी लावले.’ माझ्यापुढची परतीची तारीख खोडून आणखी सात दिवसांची मुदतवाढ दिली, कारण आता मी एका रुग्णाचा शेजारी होतो. मग त्यांनी विचारलं, त्या रुग्णालयात खिडक्या कुठल्या बाजूला आहेत.

मला माहीत नव्हतं. त्यांनीच चौकशी केली. रस्त्याकडच्या खिडकीजवळ तीनच खाटा होत्या आणि त्या कुणाला द्यायच्या हे तिथले मोठे डॉक्टर ठरवत. हे मोठे डॉक्टर या कॉलेजचे जुने विद्यार्थी निघाले. ग्रंथपालांनी माझ्यासमोरच फोन लावला. खाटेबद्दल पहिली पाच मिनिटं ते काही बोललेच नाहीत. शरीररचनेवरचं एक सचित्र पुस्तक, दुसरी आवृत्ती, निळा कापडी पुठ्ठा, अठ्ठावीस वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या बोलीवर नेलेलं, अजून आठवणीत आहे, एवढंच म्हणाले. खाट मिळाली. ते पुस्तक वहीतून त्यांनी स्वतःच्या हातानं ‘गहाळ’ म्हणून कमी केलं. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच करत होते, हे त्यांच्या अक्षरावरून कळत होतं.

माझी पुन्हा तपासणी झाली, थेट डावीकडून. मी निरोगी निघालो. हे माझ्या लायकीपेक्षा जास्त होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सिस्टरनी तरी सांगितलं. वाढलेल्या सात दिवसांत ग्रंथपालांच्या विनंतीवरून मी सातवं कलम नव्यानं लिहून दिलं : ‘खोली बदलू नका. तुमचा नमुना खोलीच्या नंबरानं ओळखला जातो. खोली बदलली तर तुमचा आजार दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि तुम्ही तो घरी न्याल. खिडकी हवी असेल तर सिस्टरना सांगा.’ शेवटचं वाक्य ग्रंथपालांनी खोडलं नाही. माझ्या आयुष्यात छापलं गेलेलं आणि बायकोखेरीज कुणी वाचलेलं हे पहिलंच लिखाण. मोबदला म्हणून त्यांनी माझी ‘बाह्य स्थिती’ साधारणवरून ‘चांगली’ केली.

एकविसाव्या दिवशी मला सोडलं. बायको दारात वाट पाहत असेल हे मला माहीत होतं, म्हणून तिला आधी फोन केला की थोडा उशीर होईल. कुठे जातोयस हे ऐकल्यावर ती म्हणाली, जा, पण घड्याळ बघ, तुझं मागे पडतं. आता पडत नाही, मी म्हणालो. माझ्याबद्दलची ही एक तक्रार कमी झाली हे तिनं लगेच मान्य केलं नाही.

रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर काकू उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, हातात पर्स, शेजारी भाची. खिडकी कुठली हे मीच भाचीला फोनवर कळवलं होतं, त्यामुळे तिनं मला आवाजावरून ओळखलं. काका आता बरे होत होते, ताप उतरला होता, आठवड्याभरात सोडणार होते, एवढं तिनं सांगितलं. मी काकूंपासून अंतर ठेवून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बसस्टॉपवरच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

“तुमचं कोण आहे वर?” त्यांनी विचारलं.

“शेजारी आहेत,” मी म्हणालो.

“आमचे हे आहेत.” त्यांनी पहिल्या मजल्यावरची खिडकी दाखवली. “घड्याळजी.”

खिडकीत काका आले. वाळले होते. डाव्या हाताला पट्टी होती, तो त्यांनी खाली तिरपा धरला. उजवा हात वर केला, पण तो सरळ राहिला नाही, जरासा बाहेरच्या बाजूला कलला. एवढ्या दिवसांच्या आजारानं हात थकला होता, आणि मी भाचीकडे पाहणं टाळलं.

काकूंनी पर्स भाचीकडे दिली, पण हात उचलले नाहीत. डोळे बारीक करून खिडकीकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, गेलं. एवढं सगळं करून शेवटी गेलं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “चारला दोन मिनिटं कमी आहेत अजून.”

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती.

मग आम्ही तिघं दोन मिनिटं तिथे उभे राहिलो. वरचा हात हळूहळू सरळ होत गेला. तो बरोबर उभा झाला तेव्हा काकूंनी आपले दोन्ही हात उचलले, आणि मीही उचलले, डावा खाली, उजवा वर, काळजीपूर्वक.